गाइडमध्ये नसलेलं गाव

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं की माझा पहिला तास हजेरीतच जातो. जुलैत बाकं पुरत नाहीत. नोव्हेंबरात मागच्या तीन रांगा मोकळ्या दिसतात. मी नाव पुकारते आणि उत्तर दुसरंच कुणीतरी देतं. ‘टोळीत गेला, मॅडम.’ ‘कारखान्याला गेली.’ ‘तिचं लग्न झालं, मॅडम. घाईत उरकलं.’ बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त असतात. त्या हजेरीपटाकडे बघताना एक मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे, तेच इथं मांडते. सोळा-सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला, शाखा कोणतीही असो, समाजशास्त्र शिकायला मिळालं पाहिजे. आणि आज आपण ते जसं शिकवतो, तसं शिकवणं थांबलं पाहिजे.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण त्यात माझाही दोष आहे.

वर्गात विचारलं, ‘आपल्याकडे मुलींची लग्नं इतक्या लवकर का होतात?’ तर उत्तर पाठ असतं. अज्ञान. निरक्षरता. रूढी-परंपरांचा पगडा. दारिद्र्य. चार मुद्दे, प्रत्येकाखाली पट्टीनं मारलेली रेघ. हे उत्तर गाइडमधून आलेलं असतं, टीप म्हणून लिहिलं तर गुणही मिळतात, आणि कित्येक वर्षं मीही ते तपासून बरोबरची खूण केली आहे. असं उत्तर देणाऱ्या मुलींपैकी एखादीची सुपारी त्याच महिन्यात फुटलेली असते. आपल्या घरात परवा जे ठरलं आणि आपण आत्ता वहीत जे लिहितोय, त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे तिच्या मनातही येत नाही. आम्ही तसं शिकवलेलंच नसतं.

काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारल्यावर खिडकीजवळची एक मुलगी उठून उभी राहिली. एरवी ती बोलायची नाही. म्हणाली, ‘मॅडम, एकट्याला उचल अर्धी भेटते. जोडी असली तरच पुरा कोयता धरतात.’ आणि खाली बसली.

ज्यांना ऊसतोडीचं जग माहीत नाही त्यांच्यासाठी हे उलगडून सांगते. मुकादम टोळी बांधतो तेव्हा माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा माणूस हा अर्धा कोयता. हंगामाआधी घरात येणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, ही कोयत्यावर ठरते. पोरगा सतरा-अठराचा झाला की त्याचं लग्न लावलं तर घरात आणखी एक पुरा कोयता उभा राहतो. पोरीच्या घरचा हिशोब वेगळा. आई-बाप ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघून मार्च-एप्रिलला परतणार. वयात आलेली पोर गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची, की फडावरच्या कोपीत, जिथं दार म्हणून वाढ्याची किंवा ताडपत्रीची आडोशी असते? दोन्हीकडे भीती. मग टोळी निघायच्या आत तिचं लग्न उरकून टाकलं जातं. आमच्याकडे अशा लग्नांना ‘गेटकेन’ म्हणायची रीतच पडली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. बीड जिल्ह्यात ते ४३.७ टक्के होतं, राज्याच्या जवळपास दुप्पट.

आता सांगा, यात अज्ञान कुठं आहे? २००६चा बालविवाहबंदीचा कायदा आमच्या गावातल्या प्रत्येक बापाला माहीत आहे. आधार कार्डावरची जन्मतारीख, ग्रामसेवक, चाइल्डलाइनचा नंबर, सगळं माहीत आहे. ज्याला आपण अज्ञान म्हणतो तो मजुरीच्या करारातून आलेला हिशोब आहे. त्या मुलीनं दोन वाक्यांत सांगितलं ते माझ्या हातातल्या गाइडमध्ये नव्हतं. आणि माझ्या मते समाजशास्त्र सुरू होतं ते तिच्या त्या दोन वाक्यांपासून.

एमिल द्युर्केम हे नाव अकरावीची मुलं पाठ करतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ, आत्महत्येचा अभ्यास, १८९७. एका गुणाचं उत्तर. पण त्यानं केलं काय होतं? आत्महत्या ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत एकटी, सर्वांत खासगी गोष्ट. द्युर्केमनं आकडे मांडून दाखवलं की वेगवेगळ्या समाजगटांत तिचं प्रमाण वेगवेगळं असतं, आणि वर्षानुवर्षं ते फारसं हलत नाही. माणसं बदलतात, प्रमाण टिकतं. म्हणजे कारण फक्त त्या माणसाच्या आत नाही. तो ज्यांच्यात जगतो त्यांना बांधणाऱ्या धाग्यांतही आहे. माझ्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी एखादं असं पोर असतं, ज्याच्या घरात बापानं किंवा चुलत्यानं फास लावून घेतलेला असतो. त्या घरावर गाव जे बोलतं ते फार क्रूर असतं. दारू प्यायचा, पोरीच्या लग्नात उधळपट्टी केली, हिंमतच नव्हती. ते पोर हे सगळं ऐकत मोठं झालेलं असतं. बारावीच्या पुस्तकात शेतकरी आत्महत्यांचा विषय येतो तेव्हा मी फळ्यावर कारणांची यादी लिहीत नाही. पाऊस, कापसाचा भाव, सावकार, पीककर्ज, बियाणं यांचा गेल्या वीस वर्षांचा गावाचा आलेख मुलांकडून काढून घेते, आणि तो आलेख पुरेसा असतो. एकदा तास संपल्यावर एक मुलगा बाकावर तसाच बसून राहिला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बापाच्या नावावरचा सातबारा आणि सोसायटीचं कर्जाचं पुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, ‘हे पण आलेखात घालता येतंय का?’

सोळाव्या वर्षी याची गरज असते. त्याआधी मूल घराला जग समजतं. पंचविशीनंतर माणूस जगाला नशीब समजायला लागतो. मधल्या या दोन-चार वर्षांत माणूस खरोखर विचारतो, की हे असं का आहे, आणि माझ्याच वाट्याला का. याच वयात अकरावीच्या प्रवेशाला जातीचा दाखला लागतो, याच वयात मैत्रिणीच्या घरी जेवायला बसू नको म्हणून कानात सांगितलं जातं, याच वयात भावाला मोटारसायकल आणि बहिणीला ‘लवकर घरी ये’ मिळतं. प्रश्न आयुष्य विचारतंच. त्यांना उत्तर शोधायची रीत द्यायची की मोबाइलवरच्या भडक व्हिडिओंच्या हवाली करायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि आपण ती रीत कुणाला देतो? जून महिन्यात माझ्या टेबलासमोर बसलेल्या पालकांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : ‘सायन्सला नाही लागला नंबर, मग आर्टला टाकू म्हटलं.’ टाकू. कला शाखा म्हणजे टाकायची जागा, आणि तिच्यातही समाजशास्त्र म्हणजे ‘सोपा विषय’, वाचून गेलं तरी चालतं. प्रवेशाच्या अर्जात आधी शाखा निवडायची, मग विषय. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला, विज्ञान, वाणिज्य यांच्यातल्या भिंती पाडायचं लिहिलं आहे. आमच्या कॉलेजच्या वेळापत्रकात त्या भिंती जशाच्या तशा उभ्या आहेत. विज्ञानाची मुलं दुसऱ्या मजल्यावर, त्यांचं अर्धं लक्ष लातूरच्या किंवा संभाजीनगरच्या क्लासकडे. दहावीचं इतिहास-नागरिकशास्त्र संपलं की ती मुलं समाजाबद्दल एक पानही वाचणार नाहीत, थेट डॉक्टर किंवा इंजिनिअर होऊन बाहेर पडतील.

माझ्या जिल्ह्यात याची किंमत काय झाली, ते आकड्यांत दिसतं. २००१च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली ८०७ उरल्या. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४चा, म्हणजे हे सगळं कायदा असताना घडलं. सोनोग्राफीचं मशीन आमच्या मजुरी करणाऱ्या, अंगठा लावणाऱ्या बायका चालवत नव्हत्या. बारावीला नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेली माणसं चालवत होती. पुढं २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. सरकारनं नेमलेल्या समितीच्या वेळी जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळी आली तर खाडा पडतो, खाडा पडला तर दंड बसतो, पोट दुखलं तर डॉक्टर म्हणतो काढून टाका. या साखळीत ज्ञानाची कमतरता ज्याच्याकडे होती तो माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला होता. त्याला शरीर माहीत होतं. समोरची बाई पाळीच्या दिवसांत कामावर का जाते, हे विचारायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी असं म्हणत नाही की बारावीला समाजशास्त्र घेतलं असतं तर तो लोभी झाला नसता. लोभाला कोणतंही पुस्तक पुरत नाही. पण सगळेच लोभी नव्हते. अनेकांना आपण काही चुकीचं करतोय हे कळलंच नाही, आणि त्यांच्यासाठी हा विषय कामाचा होता. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशासाठी जी एमकॅट परीक्षा असते, तिच्यात २०१५पासून माणसाच्या वर्तनाच्या मानसिक आणि सामाजिक पायाचा एक स्वतंत्र विभागच आहे. आपल्या नीटमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र.

इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा या वयात मुलं सिक्स्थ फॉर्ममध्ये ए-लेव्हल करतात. तिथं शाखा नसतात. साधारण तीन विषय स्वतः निवडायचे. जीवशास्त्र, गणित आणि समाजशास्त्र असं कुणी घेतलं तर त्याला कुणी वेड्यात काढत नाही, आणि समाजशास्त्र तिथल्या पहिल्या दहा लोकप्रिय विषयांत मोडतं. अभ्यासक्रमात शिक्षण हा एक मोठा भाग असतो, म्हणजे ज्या वर्गात आपण बसलोय त्याच वर्गाकडे बघायचं : कामगारांची मुलं मागे का पडतात, शिक्षक कुणाकडून किती अपेक्षा ठेवतात. पॉल विलिस यांनी सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या बारा कामगारपुत्रांचा केलेला अभ्यास तिथली मुलं हमखास शिकतात. ती पोरं शाळेची टिंगल करत, अभ्यासाला बायकी समजत, आणि शेवटी आपल्या पायांनी बापाच्याच कारखान्यात जाऊन उभी राहात. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, त्यांनी निवडलं तरी. आमची तर उचल आधीच घेतलेली असते.’ विलिस यांच्या पुस्तकावर इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही.

इंग्लंडात सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. नामांकित विद्यापीठांच्या रसेल ग्रुपनं २०११ साली प्रवेशाला उपयोगी पडणाऱ्या विषयांची यादी काढली, तिच्यात समाजशास्त्र नव्हतं. ‘सोपा विषय’ हा शिक्का तिथंही आहे. २०१९ साली ती यादी मागे घेतली गेली. आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीनं महत्त्वाची. तिथं एक्यूए या मंडळाची समाजशास्त्राची परीक्षा म्हणजे दोन-दोन तासांचे तीन लेखी पेपर. विद्यार्थ्यानं स्वतः बाहेर पडून केलेल्या कामाला त्यात एकही गुण नाही. आपल्याकडे राज्य मंडळाच्या बारावीला ८० गुणांचा पेपर आणि २० गुण अंतर्गत कामाला. म्हणजे मुलांना गावात पाठवण्याची सोय आपल्या नियमात आहे. तिचं आपण काय केलं? एका जुन्या प्रकल्पाची झेरॉक्स पिढ्यान् पिढ्या फिरते, मुखपृष्ठावर नाव बदलतं, वीसपैकी अठरा, एकोणीस पडतात आणि निकाल चांगला लागतो. मी पूर्वी जिथं शिकवत होते तिथं मुलांना खरोखर सर्वेक्षण करायला लावलं म्हणून मला समज मिळाली होती : ‘मुलांचे गुण कमी होतील, कॉलेजचा निकाल खाली येईल.’ असं म्हणणाऱ्यांचाही नाइलाज मला समजतो. निकाल पडला की पट पडतो. पट पडला की ऐच्छिक विषयाचे तास कमी होतात, जागा जाते, आणि मग तासिका तत्त्वावर एखादा तरुण मिळेल त्या मानधनात चार कॉलेजं फिरतो. त्याच्याकडून गावात जाऊन प्रकल्प करून घ्यायची अपेक्षा ठेवायची कुणाच्या तोंडानं?

मला सर्वांत जास्त खंत याची वाटते की हा विषय आपल्याकडे बाहेरून आलेला पाहुणा नाही. तो इथंच रुजलेला आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारी तिजोरीत पैसा जातो रयतेच्या घामाचा आणि त्यावर शिकतात वरच्या वर्गातली मुलं, तेव्हा आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. शिक्षणावरचा पैसा कुठून येतो आणि कुणापर्यंत पोहोचतो, हा शिक्षणाच्या समाजशास्त्राचा पहिला प्रश्न आहे, आणि तो आमच्या मातीत, मराठी माणसानं, युरोपातल्या विद्यापीठांत या विषयाची खुर्ची नीट बसायच्या आधी विचारला. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी ‘गावगाडा’ लिहिला. महसूल खात्यातल्या नोकरीत गावोगाव हिंडताना जे बघितलं ते बलुत्यासकट, हक्कासकट, भांडणासकट मांडलं. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, भटक्या जमातींबद्दल तर अजिबात नाही. पण बघावं कसं आणि टिपावं कसं, हे त्यातून आजही शिकवता येतं.

दुसऱ्याच वर्षी, ९ मे १९१६ला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्याचा गाभा असा : जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनावर. ते बंधन टिकवायचं तर गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष ‘जास्तीचे’ ठरतात. त्यांची सोय लावण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या. बघा, बालविवाहाचं कारण म्हणून त्यांनी ‘अज्ञान’ लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, ही प्रथा कोणती व्यवस्था चालू ठेवते? खिडकीजवळच्या त्या मुलीनंही हेच विचारलं होतं. तिनं तो निबंध वाचलेला नव्हता. मी तिला तो वाचून दाखवला तेव्हा ती इतकंच म्हणाली, ‘म्हणजे मी येडी नव्हते.’

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडीस त्याचे पहिले प्रमुख. १९२४मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तिथं आले, आणि त्यांच्या हाताखालून एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई यांच्यासारखी माणसं तयार झाली. इरावती कर्व्यांचं नाव आपण साहित्यिक म्हणून घेतो. मी त्यांची दुसरी गोष्ट मुलांना सांगते. बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत मांडणारा माणूस. युरोपीय माणसाची कवटी इतरांहून वेगळी, प्रगत, हे सिद्ध व्हावं अशी त्याची अपेक्षा. या पंचविशीच्या आतल्या मुलीनं कवट्या मोजल्या आणि असा फरक दिसत नाही असं लिहिलं. परक्या देशात, ज्याच्या हातात आपली पदवी आहे त्याच्याच समोर. समाजशास्त्र सोपा विषय आहे म्हणणाऱ्यांना मला ही गोष्ट सांगायची असते. व्याख्या पाठ करणं सोपं आहे. जे मोजलं तेच लिहिणं फार अवघड आहे.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. ‘मुलांसमोर जात काढू नका, वर्गात फूट पडेल.’ पालक म्हणतात, सहकारी म्हणतात. २०२३च्या ऑक्टोबर अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली, जिल्ह्यात संचारबंदी लागली. कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा माझ्या वर्गात मुलं दोन बाजूंना बसली होती. मी काही काढलेलं नव्हतं. जात माझ्या आधी येऊन बसलेली होती. त्या दिवशी मी भाषण केलं नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, नाव आणि जात लिहायची नाही. घरची जमीन किती, त्यातली पाण्याखालची किती, घरात पगारी नोकरी आहे का, गेल्या तीन वर्षांत कर्ज कशासाठी काढलं. चिठ्ठ्या मिसळून मी वाचत गेले आणि मुलांनी अंदाज करायचा की ही कोणत्या बाजूची. काही बरोबर ओळखल्या गेल्या. बऱ्याच चुकल्या. दवाखाना, बोअर, बहिणीचं लग्न. कर्जाची कारणं दोन्हीकडे तीच निघाली. पण पगारी नोकरीचा आणि जमिनीचा रकाना सगळीकडे सारखा नव्हता, आणि तो फरकही मुलांनी बघितला. मी तो झाकला नाही. त्यानं भांडण मिटलं का? नाही. एक मुलगा तास अर्धा सोडून निघून गेला आणि पुढचा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पण उरलेल्यांनी ‘ते लोक’ हा शब्द टाकून ‘तीन एकरवाले’, ‘कोरडवाहूवाले’ असं बोलायला सुरुवात केली. त्या एका तासात माझ्या हातून जे घडलं ते एवढंच, आणि मला ते कमी वाटत नाही. गप्प बसून जात जात नाही. जातीबद्दल मुलं बोलतातच, फक्त आम्ही नसतो तिथं बोलतात.

नोकरीचं विचाराल तर उत्तर लहान आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लेखीच्या १७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे, आणि समाजशास्त्र घेणारे तिथं पुष्कळ असतात. पण मला हा विषय त्या दुकानात मांडायचा नाही. तलाठी, पोलीस शिपाई, बँकेचा कर्ज अधिकारी, आशा कार्यकर्ती, ऊस कारखान्याचा शेतकी अधिकारी, आमची बहुतेक मुलं यांपैकी काहीतरी होतील. यातल्या प्रत्येकाला रोज माणसांच्या गटांशी काम करायचं असतं.

म्हणून मागणी साधी आहे. अकरावीत सर्व शाखांना समाजशास्त्राचा किमान एक छोटा पेपर असावा, आणि तो सगळा गावात, गल्लीत, घरात जाऊन करायचा असावा. बारावीच्या वीस गुणांच्या प्रकल्पाची कच्ची पानं, म्हणजे भरलेले तक्ते, मुलाखतींच्या नोंदी, चुकलेले हिशोब, बाहेरच्या परीक्षकानं बघावीत. सुबक बांधलेली फाइल बघू नये. आणि ज्या तालुक्यांत मुलं हंगामात बाहेर असतात तिथं त्यांचं बाहेर असणं हाच प्रकल्प धरावा. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं लहान मुलांसाठी निघाली, थोडी चालली, बरीच बंद पडली. सोळा-सतराच्या मुलांसाठी तेवढंही नाही. ते फडावर असतात, कोयता हातात असतो. तिथं कागदाचा एक तक्ता नेणं त्यांना जमतं. मी देते आणि ते आणतात.

तो तक्ता मी पाच वर्षांपूर्वी तयार केला. आजी, आई, मी, असे तीन रकाने आडवे. उभ्या ओळींत शाळेची वर्षं, लग्नाचं वय, पहिल्या बाळंतपणाचं वय, किती भावंडं, स्वतःच्या नावावर काय. एरवी घरात कधी न बोललेल्या गोष्टी या कागदामुळे बोलल्या जातात. एका आजीनं नातीला सांगितलं की तिला लग्नातलं फक्त कडेवर बसल्याचं आठवतं. मुलं तिन्ही रकाने भरून आणतात, आम्ही सगळ्यांचे एकत्र करतो, सरासरी काढतो, आणि मग वाद घालतो.

गेल्या मार्चमध्ये एक मुलगी कोल्हापूरकडच्या फडावरून परीक्षेपुरती आली. रात्रभर ट्रकच्या टपावर प्रवास, सकाळी पेपर. तळहात फुटलेले, पेन धरताना बोटं वाकत नव्हती. पेपर झाल्यावर तक्ता द्यायला स्टाफरूममध्ये आली. घामानं शाई पसरलेली होती, पण सगळं भरलेलं. म्हणाली, ‘मॅडम, यात एक ओळ कमी आहे.’

मी विचारलं, ‘कोणती?’

‘लग्न झालं त्या साली घरावर उचल किती होती ते. मी टोळीतल्या अकरा बायांना विचारलं. नऊ जणींना आकडा पाठ आहे. लग्नाची तारीख नाही सांगता येत, आकडा सांगता येतो.’

नऊ आकडे तिनं तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून आणले होते, दोन जागा रिकाम्या ठेवून. या जूनमध्ये छापलेल्या तक्त्यात ती ओळ लग्नाच्या वयाच्या लगेच खाली आहे.